हायब्रिड टू-स्ट्रोकची रेस खाली येत नाही आणि पिस्टन वारंवार पकडतो: हवेची गळती शोधण्याचा क्रम

घरच्या वर्कशॉपमधल्या बोलीत हायब्रिड इंजिन म्हणजे विजेची मोटर जोडलेले इंजिन नव्हे. एका इंजिनाचे क्रँककेस, दुसऱ्याचा ब्लॉक (म्हणजे सिलिंडर), तिसऱ्याचा रीड व्हॉल्व्ह (मिश्रण फक्त आत येऊ देणाऱ्या पट्ट्यांची झडप) आणि हाताशी असलेले कार्बोरेटर यांची मोट बांधून तयार केलेले टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे हायब्रिड. अशी इंजिने मी बरीच वर्षे बांधत आणि उघडत आलो आहे, आणि बांधलेले इंजिन पुन्हा माझ्या बाकावर येते तेव्हा बहुतेक वेळा तक्रार एकच असते: रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, आणि थोड्याच दिवसांत पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये घासून अडकतो. मालकाने तोवर मेन जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे भोक) दोनदा मोठा करून पाहिलेला असतो. दोष मात्र कार्बोरेटरमध्ये नसतो, इंजिन भलतीकडूनच हवा ओढत असते. म्हणून जेटच्या डबीला हात लावण्याआधी इंजिन हवाबंद आहे की नाही ते मोजून पाहावे, असा माझा आग्रह आहे.

लक्षणे

पहिले लक्षण कानाला कळते. इंजिन तापल्यावर रेस सोडली की आवाज लगेच उतरत नाही. दोन-तीन सेकंद वरच रेंगाळतो आणि मग सावकाश खाली येतो. गळती मोठी असेल तर तो उतरण्याऐवजी आपोआप चढू लागतो. आयडलिंगचा स्क्रू आज ज्या जागी बसवला त्या जागी उद्या चालत नाही, आणि चोक किंचित ओढून ठेवला की इंजिन एकाएकी शहाण्यासारखे वागू लागते. तापलेले इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करायला गेले तर किक मारून पाय दुखतो.

प्लग काढून पाहिला तर त्याच्या चिनी मातीचा रंग तपकिरी नसून पांढरा पडलेला असतो. दुखणे पुढे गेले असेल तर त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकदार कण चिकटलेले दिसतात, आणि ते कण पिस्टनच्या माथ्यावरून आलेले असतात. ते दिसल्यावर इंजिन पुन्हा सुरू करू नये. पिस्टन बाहेर काढला तर त्याची एक्झॉस्टकडची बाजू खरवडलेली असते. हे नीट पाहावे, कारण खरवड पिस्टनच्या चारही बाजूंना सारखी उभी असेल तर तो दोष गळतीपेक्षा बोअर आणि पिस्टन यांतले अंतर कमी ठेवल्याचा, किंवा थंड इंजिन एकदम ताणल्याचा असण्याची शक्यता जास्त, आणि मग पुढचा बराचसा क्रम आपल्या उपयोगाचा नाही.

एक लक्षण यांहून वेगळे आहे. सायलेन्सरमधून पांढरट-निळा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी बाहेर थेंबही न सांडता उतरत जाते, तेव्हा क्लच बाजूचे क्रँक सील (क्रँकच्या शाफ्टभोवती हवा आणि तेल अडवणारी रबरी कडी) गेलेले असते आणि इंजिन हवेबरोबर गिअरबॉक्समधले तेल ओढत असते. मॅग्नेट (ठिणगीची वीज तयार करणारे चुंबकी चाक) बाजूचे सील गेले तर ओढायला तिथे तेल नसते, कोरडी हवाच आत येते. त्यामुळे धूर दिसत नाही आणि तोच प्रकार जास्त घातक ठरतो.

गळतीचा परिणाम असा का होतो

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हे नुसते क्रँक ठेवायचे घर नाही, तो पंप आहे. पिस्टन वर जाताना खाली निर्वात तयार होऊन मिश्रण आत ओढले जाते, आणि पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर जाते. म्हणजे प्रत्येक फेरीत क्रँककेसच्या प्रत्येक सांध्यावर एकदा ओढ आणि एकदा दाब येतो. सांध्यात फट असेल तर ओढीच्या वेळी कार्बोरेटरला वळसा घालून हवा आत शिरते. त्या हवेत ना पेट्रोल असते ना तेल, त्यामुळे मिश्रण विरळ होते, ज्वलन जास्त तापते आणि वंगण कमी पडते, अशा तिन्ही गोष्टी एकदमच घडतात.

फट ठरावीक आकाराची असते. रेस पूर्ण उघडी असताना कार्बोरेटरमधून येणाऱ्या हवेपुढे ती नगण्य वाटते, पण रेस बंद असताना कार्बोरेटरचा मार्ग जवळजवळ मिटलेला असल्यामुळे तीच फट मोठी ठरते. आयडलिंग म्हणूनच आधी बिघडते. पायलट जेट (आयडलिंगचा जेट) मोठा करून आयडलिंग दुरुस्त झाल्याचा भास होतो, पण फट उष्णतेने आणि कंपनाने वाढत जाते आणि महिनाभराने आपण पुन्हा तिथेच येऊन पोचतो.

हायब्रिडमध्ये हे जास्त का घडते, याचे कारण उघड आहे. कारखान्यातून निघालेल्या इंजिनात ब्लॉकचे बूड आणि क्रँककेसचे तोंड एकमेकांसाठीच घडवलेले असतात. आपल्या इंजिनात स्टडची भोके सरकवलेली असतात, तोंड बोअर करून मोठे केलेले असते, ट्रान्सफरच्या वाटा कोरून जुळवलेल्या असतात, कुठे वेल्डिंगने भर घातलेली असते, आणि मध्ये कदाचित अडॅप्टर प्लेटही असते, जिच्यामुळे एका पॅकिंगच्या जागी दोन पॅकिंग येतात.

तपासणी सुरू करण्याआधी

आपोआप चढत जाणारे इंजिन कसे थांबवायचे ते आधी ठरवून ठेवावे. असे इंजिन फार तापलेले असेल तर प्लगच्या ठिणगीशिवायही पेटत राहते, त्यामुळे किल-स्विचवर विसंबू नये. मोटारसायकलवर असेल तर ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा आणि इंजिन दाबून मारावे. स्टँडवर असेल तर चोक पूर्ण ओढावा. हात कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवू नये. जाड रबराचा तुकडा जवळ ठेवावा आणि तोच दाबून धरावा.

चालू इंजिनाच्या सांध्यांवर कार्बोरेटर क्लीनर फवारून आवाज बदलतो का ते पाहण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. मीही ती वापरत होतो. एकदा फवाऱ्याची कड एक्झॉस्टच्या बेंडवर गेली आणि ब्लॉकभोवती निळी ज्योत फिरून गेली, भुवयांवर निभावले. त्या दिवसापासून मी ही तपासणी करत नाही. तिच्याने फार तर गळती आहे एवढे कळते, किती आहे ते कळत नाही, आणि क्लच कव्हरच्या आड असलेले सील तर तिच्या टप्प्यातच येत नाही.

पेट्रोल पुरेसे येते का

सर्वांत स्वस्त तपासणी पेट्रोलची आहे, आणि ती आधी करायची याचे कारण असे की पेट्रोलची टंचाई आणि हवेची गळती यांचे प्लग सारखेच दिसतात. टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र तोंडाने फुंकून पाहावे. नंतर फ्लोट बाऊलचा निचरा-स्क्रू काढून, खाली मापाची बाटली धरून एक मिनिट पेट्रोल वाहू द्यावे, म्हणजे टाकी, कॉक, फिल्टर आणि फ्लोटची सुई या सगळ्यांची परीक्षा एकदम होते. ढोबळ हिशेबाने १० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक पूर्ण रेसवर मिनिटाला ७० ते ८० मिलिलिटर पेट्रोल पिते. तेव्हा बाटलीत निदान त्याच्या दुप्पट उतरले पाहिजे. ही तपासणी इंजिन थंड असताना आणि उघड्या जागेत करावी.

पेट्रोलच्या टंचाईची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती लांब, पूर्ण रेसच्या धावेत प्रकट होते आणि आयडलिंगला सहसा धक्का लावत नाही. गळतीचे याच्या नेमके उलट असते.

पिस्टन पकडतो म्हणून पेट्रोलमध्ये तेल वाढवणारे पुष्कळ भेटतात. लिटरला २५ मिलिलिटर तेल घालणारा माणूस भीतीपोटी ४० घालू लागतो. त्याच जेटमधून आता तेल जास्त आणि पेट्रोल कमी जाते, म्हणजे आधीच विरळ असलेले मिश्रण आणखी थोडे विरळ होते. तेलाचे प्रमाण तेलाच्या डब्यावर लिहिलेले असेल तेच ठेवावे.

डोळ्यांनी आणि पान्याने होणारी तपासणी

कार्बोरेटरचा रबरी फ्लँज काढून हातात वाकवून पाहावा. बसलेल्या अवस्थेत त्याच्या भेगा मिटलेल्या असतात आणि वाकवला की उघडतात. क्लँप आवळताना रबर एका बाजूला दुमडले गेले नाही ना, हेही पाहावे. दुसऱ्या मापाच्या कार्बोरेटरसाठी फ्लँजमध्ये टेपचे वेढे भरलेले असतील तर ते लगेच काढून योग्य मापाची कडी लेथवर करून घ्यावी, कारण पेट्रोल लागले की टेपचा डिंक विरघळतोच.

रीड व्हॉल्व्हच्या पट्ट्या उजेडाकडे धरून पाहाव्यात. पट्टी आणि बैठक यांमधून केसाएवढी रेघ दिसली तर चालते. टोकाला कडा तुटलेली किंवा पट्टी कायमची उचललेली असेल तर ती बदलावी.

नंतर नट. इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे आणि ब्लॉकचे नट टॉर्क रेंचने, तिरप्या जोड्यांनी, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या ८ मिमी स्टडला साधारण २० ते २२ न्यूटन-मीटर आणि ६ मिमी स्टडला १० न्यूटन-मीटर पुरतात; मूळ पुस्तिकेत आकडा दिलेला असेल तर तोच प्रमाण मानावा. नव्या बांधणीत पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर पॅकिंग बसते आणि नट ढिले पडतात, त्यामुळे ही तपासणी एकदा करून सोडून देण्याची नाही. एखादा नट आवळत राहूनही टॉर्क घेत नसेल तर तिथे थांबावे, कारण त्या स्टडचे आटे सुटू लागलेले असतात.

इग्निशनचा मार्क खरा आहे का

टायमिंग फार पुढे असले तरी पिस्टन तसाच भाजतो, म्हणून ही तपासणी गळतीच्या आधी उरकावी. मॅग्नेट एका इंजिनाचा आणि स्टेटर प्लेट (कॉइल बसवलेली पाटी) दुसऱ्याची असेल तर त्यांवर छापलेल्या खुणांना काहीच अर्थ उरत नाही. प्लगच्या भोकात डायल गेज बसवून पिस्टन टॉपला आणावा, तिथून उलटे फिरवून ठिणगीच्या जागी नेऊन स्वतःची खूण करावी आणि मग टायमिंग लाइटने चालू इंजिनावर ती पडताळावी. स्ट्रोक ४० मिमी आणि कनेक्टिंग रॉड ८० मिमी असेल तर २३ अंश म्हणजे टॉपच्या आधी साधारण २ मिमी येतात. रॉडची लांबी बदलली की हा आकडा बदलतो, म्हणून दुसऱ्याच्या इंजिनाचे मिलिमीटर आपल्या इंजिनाला लावू नयेत. मॅग्नेट काढलाच आहे तर त्याची चावीही (त्याला शाफ्टवर जागच्या जागी धरणारी छोटी पाचर) पाहावी, कारण अर्धवट कापलेल्या चावीवर मॅग्नेट काही अंश सरकून बसतो.

दाबाची चाचणी

आतापर्यंत काही सापडले नसेल तर मोजण्याची वेळ आली. साधन महाग नाही. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या, गोल काट्याच्या यंत्राचा रबरी फुगा आणि काटा या कामाला उत्तम चालतात, कारण आपल्याला हवा असलेला दाब सुमारे ०.४ बार, म्हणजे पाऱ्याचे ३०० मिमी एवढा आहे आणि त्या काट्याची पट्टी तिथेच संपते. त्याच्या वर जाऊ नये, सुमारे ०.७ बारच्या पुढे गेलो तर चांगली सीलही जागेवरून उचलली जाण्याचा धोका असतो. कॉम्प्रेसरची नळी तर या कामाच्या जवळही आणू नये.

सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढावेत. एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा दुहेरी तुकडा ठेवून वरून ५ मिमीची सपाट पट्टी बोल्टने आवळावी. कार्बोरेटरच्या जागी, फ्लँजच्या बाहेरच्या टोकाला, मधून नळी गेलेले रबरी बूच क्लँपने बसवावे. प्लग जागेवर राहू द्यावा. ऑटो-ल्यूबची (तेल आपोआप सोडणाऱ्या पंपाची) नळी किंवा व्हॅक्यूम पंपाची नळी असेल तर तीही बंद करावी. यानंतर पिस्टन अगदी खाली आणावा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून क्रँककेस, ब्लॉक आणि हेड हे सगळे एकच भांडे बनतात. दाब फ्लँजच्या बाजूनेच द्यायचा, याचे कारण रीड व्हॉल्व्ह आहे. प्लगच्या भोकातून दाब दिला तर रीडच्या पट्ट्या मिटतात आणि रीड ब्लॉकचे पॅकिंग व रबरी फ्लँज चाचणीबाहेरच राहतात. पहिल्या काही वर्षांत मी नेमकी हीच चूक करत होतो आणि गळक्या फ्लँजला चांगला म्हणून प्रमाणपत्र देत होतो.

इंजिनाला जोडण्याआधी नळीचे टोक बोटाने बंद करून साधनाचीच चाचणी घ्यावी. मग ३०० मिमीपर्यंत दाब भरून घड्याळ लावावे. मिनिटाला ५० मिमीपेक्षा जास्त उतार पडत असेल तर ते इंजिन चालवण्याच्या लायकीचे नाही. ही सोसण्याची शेवटची मर्यादा झाली. नव्याने बांधलेल्या इंजिनात काटा मिनिटभरात १० मिमीसुद्धा हलू नये अशी माझी अपेक्षा असते, आणि काम नीट झाले असेल तर तो हलत नाही.

बुडबुडे वाचणे

काटा उतरत असेल तर भांडी घासण्याचा साबण पाण्यात दाटसर कालवून मऊ कुंचल्याने प्रत्येक सांध्यावर लावावा आणि घाई न करता पाहत राहावे. मोठी गळती लगेच फुगे काढते. लहान गळतीचा फेस मात्र साखरेच्या पाकासारखा हळूहळू पांढरा होत जातो आणि त्याला एक-दोन मिनिटे लागतात. उजेड तिरपा पडेल असा दिवा ठेवला तर तो आधी दिसतो.

आधी आपण लावलेली पट्टी आणि बूच तपासावे, कारण बऱ्याचदा गळती तिथेच असते. त्यानंतर हेड, प्लगची वॉशर, ब्लॉकचे बूड, रीड ब्लॉक आणि क्रँककेसचा मधला सांधा या क्रमाने जावे.

हायब्रिडमध्ये एक जागा अशी आहे जी मूळ इंजिनात कुणी तपासत नाही: स्टडचे नट. माझ्या सुरुवातीच्या एका इंजिनाने तीन पिस्टन खाल्ले. बुडाचे पॅकिंग मी चार वेळा बदलले, दर वेळी साबण लावला, सांध्यावर फेस आला नाही. शेवटी कंटाळून संपूर्ण इंजिनच साबणाने माखले, तेव्हा मागच्या डाव्या स्टडच्या नटावर, वॉशरच्या कडेने, टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एकामागून एक वर येताना दिसले. मोठी ट्रान्सफर वाट कोरताना स्टडच्या भोकाची भिंत मी आतून फोडली होती. दाब आट्यांमधून चढून, ब्लॉकमधल्या स्टडच्या भोकातून थेट हेडवर निघत होता. अशा वेळी स्टड काढून, आटे पेट्रोलने स्वच्छ करून, पेट्रोल सोसणाऱ्या थ्रेड सीलंटने तो परत बसवावा आणि सीलंट पूर्ण वाळू द्यावे. भिंतीतले भगदाड मोठे असेल तर हा उपाय पुरत नाही; तिथे वेल्डिंगच लागते.

वेल्डिंगने भरलेल्या जागेवर फेस आला तर भर सच्छिद्र आहे असे समजावे. बाहेरून मेटल पुटी चोपडून ती बंद होत नाही, कारण ओढीच्या वेळी आतून पेट्रोल आणि बाहेरून उष्णता तिला सोडवत राहतात.

सील दोन, पण त्यांची तपासणी वेगवेगळी आहे. मॅग्नेट पुलरने काढला की त्या बाजूचे सील समोर दिसते. त्यावर साबण लावावा. हातोडीने ठोकून मॅग्नेट काढू नये, क्रँक तिथेच तिरपी होते. क्लच बाजूसाठी सुरुवातीला कव्हर उघडण्याची गरज नाही. गिअर ऑइल भरण्याच्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा बोटाने धरावा आणि श्वासनळी बंद करावी. क्रँककेसमधला दाब गिअरबॉक्समध्ये येत असेल तर पडदा बाहेर फुगतो. फुगला, तर दोष एकतर क्लच बाजूच्या सीलमध्ये आहे किंवा मधल्या सांध्याच्या गिअरबॉक्सकडच्या भागात, आणि त्यातले नेमके कोणते हे कव्हर उघडूनच कळते.

दाबावर सगळे टिकले तरी काम संपत नाही. सीलचे ओठ एका दिशेच्या दाबाने शाफ्टवर घट्ट बसतात आणि उलट दिशेने उचलले जातात, म्हणून दाब धरणारे सील ओढीच्या वेळी टिकत नाही असेही होते. हातपंपाने ०.३ ते ०.४ बार निर्वात करून पाहावे. या वेळी नळी एक्झॉस्टच्या पट्टीला किंवा प्लगच्या भोकाला जोडावी. फ्लँजमधून ओढले तर रीडच्या पट्ट्या मिटतील. निर्वातात बुडबुडे दिसणार नाहीत, फक्त काटा पाहायचा, आणि दाबावर टिकलेले इंजिन इथे पडले तर संशय सीलवर घ्यावा.

ब्लॉकचे बूड आणि क्रँककेसचे तोंड

फेस बुडाच्या पॅकिंगवर आला तर नवे पॅकिंग टाकण्याआधी पृष्ठभाग पाहावा, नाहीतर नवे पॅकिंगही जुन्याच्या वाटेने जाते. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून, ब्लॉकच्या बुडावर मार्करने जाळी काढून, भार न देता आठ-दहा वेळा गोल फिरवावे. शाई जिथे तशीच राहते तिथे खड्डा आहे. क्रँककेसच्या बाजूला स्टडभोवतीचा भाग उचललेला आढळणे नेहमीचे आहे, कारण स्टड आवळल्याने पहिला आटा वर ओढला जातो. भोकाची कड किंचित तिरपी कापली की तो दोष जातो. क्रँककेसच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरून ०.०५ मिमीचा फिलर (फट मोजण्याची पातळ पाती) कुठे जातो ते पाहावे. जात असेल तर पृष्ठभाग पॅकिंगने झाकण्याच्या पलीकडे गेला आहे.

काचेवर घासून ब्लॉक ०.१ मिमीने उतरला तर पिस्टनच्या माथ्याची कड आणि हेड यांतले अंतरही तेवढेच कमी होते. हे अंतर सोल्डरच्या तारेने मोजावे. तार गजनपिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) रेषेत दोन्ही बाजूंना ठेवावी, म्हणजे पिस्टन डुलून खोटे माप देत नाही. लहान इंजिनात मी ते ०.८ ते १ मिमीच्या आसपास ठेवतो. अडॅप्टर प्लेटच्या बाबतीत हिशेब उलट्या दिशेने चालतो: ४० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात ब्लॉक १ मिमी उचलला तर एक्झॉस्ट पोर्ट साधारण ६ अंश अधिक काळ उघडा राहतो, त्यामुळे गळती थांबवायला जाड पॅकिंग टाकणे म्हणजे नकळत पोर्ट टायमिंग बदलणे होय.

पॅकिंग कापताना ट्रान्सफरच्या वाटेभोवती निदान ३ मिमी रुंदीची अखंड कड उरली पाहिजे, असा माझा नियम आहे. त्याहून अरुंद कड उष्णतेने जळून आत ओढली जाते. साधे सिलिकॉन या सांध्यात वापरू नये. पेट्रोलने ते फुगते, आणि त्याचे तुटलेले तुकडे बेअरिंगकडे जातात. पेट्रोल सोसणारे, न कडकणारे गॅस्केट कंपाउंड बोटाने पुसल्याइतके पातळ लावले तरी पुरते.

सील बदलताना

सील बदलणे अवघड नाही, पण तेच सील दुसऱ्यांदा जात असेल तर दोष सीलचा नाही. शाफ्टवर नख आडवे फिरवावे. जुन्या ओठाने पाडलेली खाच नखाला अडकत असेल तर नवे सीलही तिथे गळणार. जागा असेल तर सील एखादा मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून त्याचा ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो, मात्र बेअरिंगला तेल नेणारे भोक झाकले जाणार नाही याची खात्री करावी. स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे ठेवावी, ओठाला ग्रीस लावावे आणि शाफ्टच्या चावीच्या खाचेवर प्लॅस्टिकची पातळ पट्टी गुंडाळूनच सील सरकवावे. व्हायटनची सील मिळत असतील तर तीच घ्यावीत, कारण उष्णता आणि पेट्रोल ती साध्या नायट्राइल रबरापेक्षा अधिक सोसतात.

यानंतर मॅग्नेट दोन्ही हातांनी धरून वर-खाली उचलून पाहावा. हाताला खटका जाणवला, किंवा मॅग्नेटच्या आतल्या बाजूला कॉइलला घासल्याची चकाकी दिसली, तर मेन बेअरिंग गेलेले आहे. शाफ्ट डुलत असेल तर जगातले कोणतेही सील टिकणार नाही.

इथे थांबावे

पुढची कामे घरच्या बाकावर करू नयेत. मी स्वतः ती करत नाही.

क्रँक सरळ करणे हे त्यातले पहिले. दोन सेंटरांमध्ये धरून डायल गेजने मोजल्यावर शाफ्ट ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर ती क्रँकचे काम रोज करणाऱ्याकडे द्यावी. प्रेसने जुळवलेली क्रँक कुठे, किती आणि कोणत्या कोनात ठोकायची हे वाचून येत नाही. मी दोन क्रँक वाया घालवून ते शिकलो, आणि तेही पूर्ण शिकलो असे म्हणत नाही.

दुसरे, क्रँककेसचे वेल्डिंग आणि तोंडाचे बोअरिंग. तेल मुरलेल्या कास्ट ॲल्युमिनियमवर वेल्डिंग सच्छिद्र होते, आणि उष्णतेने बेअरिंगच्या जागा वाकल्या तर क्रँककेसच बाद होते. वेल्डिंगनंतर पृष्ठभाग मिलिंगवर घ्यावा लागतो आणि बेअरिंगच्या जागा मोजाव्या लागतात. तिसरे, निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडच्या कठीण मुलाम्याचा) थर असलेला ब्लॉक. बिडाचा बोअर पुढच्या साइझला कापता येतो, निकासिलचा कापता येत नाही. खरवड थराच्या आत गेली असेल तर तो पुन्हा प्लेटिंगसाठीच पाठवावा लागतो. आणि पिस्टनला भोक पडले असेल तर वरचा भाग बदलून भागत नाही. वितळलेल्या ॲल्युमिनियमचे कण खाली मोठ्या बेअरिंगमध्ये पोचलेले असतात, म्हणून क्रँककेस पूर्ण उघडून क्रँक धुऊन तपासल्याशिवाय ते इंजिन फिरवू नये.

ब्लॉक किंवा क्रँककेस बाहेर देताना गळतीच्या जागेभोवती खिळ्याने गोल ओरखडा काढावा, कारण मार्करची खूण धुण्यात जाते. पॅकिंगचा कापलेला नमुना आणि पिस्टन सोबत द्यावा, आणि तोंड किती बोअर करायचे याबरोबरच स्टडच्या भोकापर्यंत किती भिंत राखायची हेही कागदावर लिहून द्यावे. काम होऊन आल्यावर इंजिन बांधावे, पण कार्बोरेटर आणि सायलेन्सर न लावता. आधी पट्टी, बूच आणि फुगा लावून काटा ३०० वर न्यावा, घड्याळ सुरू करावे, आणि मिनिटभर तो काटा हलला नाही तरच कार्बोरेटर हातात घ्यावा, तेसुद्धा बांधणीच्या दिवशी बसवलेल्या मूळ जेटवर परत आणून.